पोदेर आला की आठवतं, फोन वाजला तरी राहून जातं

गोव्यात सकाळी वाड्यावर सायकलवरून पोदेर, म्हणजे पाववाला, येतो. रबरी भोंपू वाजला की घरातलं कुणीतरी हातातलं काम ठेवून, सुटे पैसे घेऊन दारात येतं. त्यासाठी कुणी फोनमध्ये रिमाइंडर लावलेला नसतो. त्याच घरात विजेचं बिल भरायचा रिमाइंडर मात्र तीनदा वाजलेला असतो, तिन्ही वेळा तो बोटाने सरकवून टाकलेला असतो, आणि बिल राहिलेलं असतं. माणूस तोच, स्मरणशक्तीही तीच. फरक हाकेत आहे.

भोंपू वाजतो तेव्हा पाव दोन पावलांवर असतात, काम मिनिटभराचं असतं आणि तुम्ही घरीच असता. बिलाचा रिमाइंडर वाजतो तेव्हा तुम्ही स्कूटरवरून मांडवी पूल ओलांडत असता, नाहीतर ऑफिसात कुणाशी बोलत असता. आठवण होते, पण त्या क्षणी करता काहीच येत नाही. ‘घरी गेल्यावर बघू’ म्हणून फोन खिशात जातो, आणि घरी गेल्यावर हाक मारायला कुणी उरत नाही. म्हणून नवं ॲप शोधण्याआधी हाक कुठे आणि कधी येते ते बदलायला हवं.

मागची आठवण आणि पुढची आठवण

‘मडगावच्या मामीचं माहेर कुठलं?’ ही मागची आठवण. कुणी विचारतं, आपण डोक्यात शोधतो. ‘मामी भेटली की तिचा डबा परत द्यायचा’ ही पुढची आठवण. इथे विचारणारा कुणी नसतो. मामी भेटते, गप्पा होतात, ती निघून जाते आणि डबा स्कूटरच्या डिकीत तसाच राहतो. डबा द्यायचा आहे हे ठाऊक नव्हतं असं नाही. ते डोक्यात होतंच, पण हवं त्या क्षणी वर आलं नाही. मानसशास्त्रात या दुसऱ्या प्रकाराला प्रॉस्पेक्टिव्ह मेमरी म्हणतात.

‘हल्ली माझ्या काही लक्षात राहत नाही’ असं म्हणणाऱ्या माणसाची पुष्कळदा हीच पुढची आठवण निसटत असते. अशा वेळी पाठांतर वाढवून किंवा शब्दकोडी सोडवून फारसं हाती लागत नाही, कारण साठवण कमी पडलेलीच नसते.

1990 साली गिल्स आइन्स्टाइन आणि मार्क मॅकडॅनियल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी पुढच्या आठवणीचे दोन भाग वेगळे करून दाखवले. एक घटनेला बांधलेली: पोदेर आला की पाव घ्यायचे. दुसरी वेळेला बांधलेली: साडेचार वाजता फोन करायचा. दुसरी जास्त निसटते. साडेचार वाजणं ही काही दारात येऊन उभी राहणारी गोष्ट नाही, त्यासाठी आपणच मधूनमधून घड्याळाकडे बघायला हवं, आणि ते बघायची आठवणही आपल्यालाच ठेवावी लागते. फोनचा रिमाइंडर वेळेची घटना करून देतो, त्याचा खरा उपयोग हा. पण भोंपूत जे गुण आहेत ते त्या घटनेत आले नाहीत तर काम अर्धंच होतं.

हे गुण नीट पाहण्यासारखे आहेत. भोंपूचा आवाज दुसऱ्या कशाचाच नसतो. तो फक्त पावांसाठी वाजतो, उगाच वाजत नाही. तो वाजतो तिथेच काम करता येतं. आणि तो ऐकल्यावर उंबऱ्यापर्यंत यायला पुरेसा वेळ मिळतो. फोनची ‘टिंग’ या चारही बाबतींत नापास होते. औषधाची टिंग, बँकेच्या जाहिरातीची टिंग आणि ग्रुपवरच्या सुप्रभातची टिंग एकसारखीच. दिवसातून शंभर वेळा निरर्थक वाजणाऱ्या आवाजाकडे कान लक्ष द्यायचं सोडतो, आणि त्यात चूक कानाची नाही.

पहिला इलाज आवाजाचा. अँड्रॉइड 8 पासून, म्हणजे 2017 नंतरच्या फोनमध्ये, एकाच ॲपच्या वेगवेगळ्या नोटिफिकेशनना वेगवेगळा आवाज देता येतो. सेटिंग्ज, मग ॲप्स, मग तुमचं रिमाइंडरचं किंवा कॅलेंडरचं ॲप, मग नोटिफिकेशन्स. तिथे प्रकारांची यादी दिसते. त्यातल्या रिमाइंडरच्या प्रकाराला असा आवाज द्या जो फोनमध्ये दुसऱ्या कशालाच नाही, आणि तो लांबलचक असू द्या. त्यानंतर खरेदीची, खेळांची, बातम्यांची ॲप्स याच रस्त्याने जाऊन मुकी करा. हे दुसरं काम पहिल्याहून महत्त्वाचं आहे. बाकीचे गप्प बसल्याशिवाय नव्या आवाजाला किंमत येत नाही.

दुसरा इलाज बिनफोनचा आहे आणि माझ्या मते तो पहिला वापरावा. वस्तूलाच हाक मारायला लावायची. उद्या मामलेदार कचेरीत मूळ कागद न्यायचे आहेत? फाइल हेल्मेटच्या आत ठेवा, हेल्मेट घालताना ती हातात येईलच. फ्रिजमधला डबा न्यायचा आहे? स्कूटरची चावी डब्यावर, फ्रिजमध्येच ठेवा. चावीशिवाय घराबाहेर पडताच येत नाही, त्यामुळे ही हाक चुकवता येत नाही. एकच पथ्य: ही मांडणी आदल्या रात्रीच करायची, चार दिवस आधी नाही. टेबलावर चार दिवस पडलेली फाइल टेबलाचाच भाग होऊन जाते आणि डोळा तिच्यावरून घसरत जातो.

‘बिल’ एवढंच लिहू नका

पीटर गॉलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने 1999 साली मांडलेली एक साधी रीत आहे: ‘अमुक करायचं’ असं न ठरवता ‘तमुक झालं की अमुक करायचं’ असं ठरवायचं. 2006 साली त्यांनी आणि पास्कल शीरन यांनी अशा 94 चाचण्यांचे निकाल एकत्र पाहिले, आणि नुसता निश्चय करणाऱ्यांपेक्षा असं वाक्य ठरवणाऱ्यांची कामं चांगलीच जास्त पार पडलेली दिसली. ‘रोज चालायला जायचं’ हा निश्चय. ‘तुळशीपुढे दिवा लावून झाला की चपला घालून देवळापर्यंत जाऊन यायचं’ ही योजना. दुसऱ्या वाक्यात हाक आहे, जागा आहे आणि पहिली हालचालही आहे. वाक्य मोठ्याने एकदा बोलावं आणि ते घडताना डोळ्यांसमोर आणावं. एवढ्याने दिवा लावणं आणि चपला यांची गाठ पडायला सुरुवात होते.

फोनमध्ये लिहिताना हीच रीत वापरा. ‘बिल’ असं लिहिलं तर वाजल्यावर आधी कोणतं बिल ते आठवावं लागतं, मग ग्राहक क्रमांक कुठे ते शोधावं लागतं, आणि या खटाटोपाच्या भीतीनेच बोट तो रिमाइंडर सरकवून टाकतं. त्याऐवजी ‘विजेचं बिल भर, ग्राहक क्रमांक खालच्या ओळीत’ असं लिहा आणि खाली क्रमांक टाकून ठेवा. क्रियापद पहिल्या ओळीतच यायला हवं, कारण लॉक स्क्रीनवर बहुधा तेवढंच दिसतं.

वेळ निवडताना ‘शेवटची तारीख’ हा विचार बाजूला ठेवा. हात मोकळे, फोन हातात, घरात बसलेले, अशी तुमच्या दिवसातली वेळ कोणती? बहुतेकांची ती जेवण झाल्यावरची असते. पैसे भरण्याची सगळी कामं त्या वेळेला लावा, रात्री नऊला. सकाळी दहाचा रिमाइंडर नेहमी कामाच्या गर्दीत सापडतो. बाजारहाटाच्या यादीचं उलट आहे. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला जायचं असेल तर यादीची आठवण गुरुवारी संध्याकाळी स्वयंपाकघरात असताना यायला हवी, कारण घरात काय संपलंय ते तिथेच कळतं.

आणि वाजल्यावर जमत नसेल तर? सरकवायचा नाही. स्नूझही बहुधा कामाचा नाही. आयफोनच्या गजराची ठरलेली स्नूझ 9 मिनिटांची, गूगल क्लॉकची 10 मिनिटांची, आणि दहा मिनिटांनी तुम्ही तिथेच अडकलेले असता. पुढची नक्की वेळ निवडा: आज रात्री नऊ. एखादा रिमाइंडर तीनदा पुढे ढकलला गेला तर तुमच्यात आळस शोधू नका, त्याची वेळ किंवा जागा चुकली आहे, ती बदला.

व्हॉट्सॲपवर स्वतःलाच मेसेज पाठवून ठेवायची पद्धत आता घरोघरी आहे. टिपून ठेवायला ती चांगलीच. पण ती साठवण झाली, हाक नाही. तिथे लिहिलेलं काम तुम्ही आपणहून उघडून वाचाल तेव्हाच दिसणार. म्हणून त्यातल्या कामांना रात्री एकदा तारीख-वेळ द्यायची, नाहीतर ती खाली खाली जात राहतात.

नजरचुकीने सरकवलेला रिमाइंडर परत बघता येतो, हे पुष्कळांना माहीत नसतं. अँड्रॉइड 11 पासून सेटिंग्जमधल्या नोटिफिकेशन्समध्ये नोटिफिकेशन हिस्टरी असते. ती आधी चालू करून ठेवावी लागते. मग गेल्या 24 तासांत आलेली नोटिफिकेशन्स तिथे सापडतात.

रिमाइंडर वाजलाच नाही, तेव्हा

आतापर्यंत माणसाची बाजू झाली. कधी कधी दोष खरोखरच फोनचा असतो, आणि तो बहुधा बॅटरी वाचवण्याच्या सोयींमधून येतो.

2015 सालच्या अँड्रॉइड 6 पासून फोन डोझ नावाच्या अवस्थेत जातो. स्क्रीन बंद, चार्जर लावलेला नाही आणि फोन हलत नाही, अशा स्थितीत काही वेळ गेला की ॲप्सची कामं लांबणीवर टाकली जातात. टेबलावर पडलेला फोन दुपारी तीनचा रिमाइंडर साडेतीनला, हातात घेतल्यावर देतो तो यामुळे. यावर उपाय म्हणून ॲपला ठरल्या मिनिटाला वाजण्याची खास परवानगी घेता येते. अँड्रॉइड 12 पासून ती सेटिंग्जमध्ये स्पेशल ॲप ॲक्सेस या भागात ‘अलार्म्स अँड रिमाइंडर्स’ नावाने दिसते, आणि अँड्रॉइड 14 मध्ये नव्याने घातलेल्या बहुतेक ॲप्सना ती आपोआप मिळत नाही, स्वतः द्यावी लागते. शिवाय अँड्रॉइड 13 पासून नोटिफिकेशन दाखवायलाच ॲप आधी परवानगी विचारतं. घाईत ‘नको’ दाबलं असेल तर सेटिंग्जमधून परवानगी देईपर्यंत ते ॲप मुकं. तिसरी गोष्ट, ॲपच्या माहितीत बॅटरी हा भाग उघडून ‘अनरिस्ट्रिक्टेड’ निवडायचं. तिथेच आसपास ‘न वापरल्यास ॲप थांबवा’ अशा अर्थाचं बटण असतं, तेही बंद करा. वर्षातून दोनदाच वाजणारं ॲप फोनच्या हिशेबी ‘न वापरलेलं’ ठरतं.

फोर्स स्टॉप केलेल्या, म्हणजे सक्तीने बंद केलेल्या, ॲपचे लावलेले सगळे गजर रद्द होतात. मेमरी साफ करणारी ॲप्स काही वेळा हेच करतात. ती काढून टाका, त्यांचा तसाही फायदा नाही. आणि पावसाळ्यात रात्रभर वीज गेली, फोन बंद पडला, पहाटे चार्ज होऊन सुरू झाला, पण तुम्ही पिन टाकून उघडला नाही, तर बाहेरून घातलेलं रिमाइंडर ॲप सहसा जागंच होत नाही. सकाळच्या महत्त्वाच्या औषधासाठी फोनचं स्वतःचं घड्याळ वापरावं ते यामुळेच. सुरू होऊन कुलूप न उघडलेल्या अवस्थेतही गजर वाजवण्याची सोय अँड्रॉइड 7 पासून आहे आणि घड्याळाचं ॲप ती वापरतं.

सगळं जमवल्यावर चाचणी घ्या. अडीच तासांनंतरची वेळ लावा, चार्जर काढा, फोन टेबलावर ठेवा आणि हात लावू नका. ठरल्या मिनिटाला वाजला तर विश्वास ठेवा. पाच मिनिटांनंतरची चाचणी काहीच सिद्ध करत नाही, तेवढ्या वेळात फोन झोपलेलाच नसतो.

तारखांतले खड्डे

दर महिन्याच्या 31 तारखेला वाजणारा रिमाइंडर वर्षातून सातदाच वाजतो. कॅलेंडरांचा जो सर्वमान्य नियमसंच आहे, त्याची 2009 सालची आवृत्ती सांगते की जी तारीख त्या महिन्यात नाही ती सोडून द्यायची. गूगल कॅलेंडरही तसंच करतं. 29 आणि 30 तारखा फेब्रुवारीत अशाच गळतात. महिनाअखेरचं काम 28 तारखेला लावा.

तिथीचं काम ‘दरवर्षी’ असं लावलं की ते चुकणारच. चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, 2024 साली 7 सप्टेंबरला होती, 2025 साली 27 ऑगस्टला, आणि 2026 साली 14 सप्टेंबरला. चांद्र वर्ष साधारण 354 दिवसांचं असतं, त्यामुळे तिथी दर वर्षी सुमारे 11 दिवस अलीकडे सरकते आणि अधिक महिना आला की एकदम पुढे जाते. 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ आहे, म्हणून ही उडी. गावची जत्रा, देवाची पालखी, घरातलं श्राद्ध यांसाठी एकच वार्षिक रिमाइंडर ठेवा: ‘नव्या पंचांगातून तारखा फोनमध्ये भर’. तो डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, नवं कॅलेंडर घरात येतं तेव्हाचा. पंधरा मिनिटांत वर्षाचं काम होतं.

मोठ्या कामांत चूक वेगळी होते. गोव्यात पाऊस साधारणपणे जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो. पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, खरेदी (सुकी मासळी, मीठ, मिरच्या, आमसुलं) मे महिन्यात उरकते, कारण ती बाजारातून आणायची असते. पण कौलं शाकारायला माणसं लागतात आणि मे महिन्यात सगळ्यांनाच तीच माणसं हवी असतात. त्या कामाचा रिमाइंडर 25 मेला लावून उपयोग काय? प्रत्येक मोठ्या कामाला दोन तारखा हव्यात. एक सुरुवातीची, ‘शाकारणीसाठी माणसाला फोन कर’, ती 1 एप्रिलला. दुसरी शेवटची, ‘अजून झालं नसेल तर ताडपत्री आण’. बहुतेक लोक दुसरीच लावतात, आणि ती वाजते तेव्हा करण्याजोगं फारसं उरलेलं नसतं.

जागा आली की हाक

आयफोनच्या रिमाइंडर्समध्ये ‘अमुक जागी पोचल्यावर’ किंवा ‘तिथून निघाल्यावर’ असं लावता येतं. अँड्रॉइडवर ही सोय ॲपनुसार असते किंवा नसते. कल्पना उत्तम, पण तिचा वेग समजून घ्यायला हवा. अँड्रॉइडवर अशा जागेचं वर्तुळ किमान 100 ते 150 मीटर त्रिज्येचं ठेवावं असं गूगलच सुचवतं, आणि फोन खिशात असताना हाक यायला दोन-तीन मिनिटं लागू शकतात. ताशी 40 किलोमीटरने जाणारी स्कूटर दोन मिनिटांत 1.3 किलोमीटर पुढे जाते. पणजीहून फोंड्याकडे जाताना बाणस्तारीच्या बाजारात नारळ घ्यायचे असतील आणि खूण बाजारावरच लावली, तर फोन बाजार मागे पडल्यावर वाजेल. खूण दोन किलोमीटर अलीकडच्या जागेवर लावा. वर्तुळ फार मोठं केलं तर दुसरी गंमत होते. पणजीच्या फेरीधक्क्याभोवती एक किलोमीटरचं वर्तुळ आखलं तर नदीपलीकडे बेतीच्या धक्क्यावर उभं असतानाच तुम्ही ‘पोचलेले’ असता. मधल्या नदीचा फोनला पत्ता नसतो.

सवय पडली की विसरायला होतं तेही वेगळं

21 दिवसांत सवय लागते हे ऐकलेलं खरं नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 जणांना 12 आठवडे पाहिलं. एखादी कृती आपोआप होऊ लागायला लागलेला मधला काळ निघाला 66 दिवस, आणि माणसागणिक, कामागणिक तो 18 दिवसांपासून 254 दिवसांपर्यंत पसरलेला होता (12 आठवड्यांपलीकडचे आकडे हिशेबाने काढलेला अंदाज). पाण्याचा ग्लास लवकर अंगवळणी पडतो, व्यायाम उशिरा. याच अभ्यासात आणखी एक दिलासा देणारी गोष्ट दिसली: मध्ये एखादा दिवस चुकला तर त्याने फारसं बिघडत नाही. म्हणून नव्या सवयीचा रिमाइंडर तीन आठवड्यांनी काढून टाकू नका, निदान अडीच महिने राहू द्या.

सवयीची गाठ कशाला मारायची हे कामावरून ठरवा. दिवेलागण ही चांगली हाक आहे, पण गोव्यात सूर्यास्त नोव्हेंबरअखेरीस सहाच्या सुमारास होतो आणि जुलैच्या सुरुवातीला सात वाजून दहा मिनिटांच्या आसपास. चालायला जाण्याला हे चालेल. ठराविक तासांनी घ्यायच्या औषधाला चालणार नाही. थायरॉइडची लेव्होथायरॉक्सिनची गोळी न्याहारीआधी 30 ते 60 मिनिटं, रिकाम्या पोटी घ्यायची असते, आणि कॅल्शियम किंवा लोहाची गोळी तिच्यापासून 4 तास दूर ठेवायची असते. या गोळीला पोदेराची हाक लावू नका, तो येतो तेव्हा चहा-पाव समोर येतात आणि उशीर झालेला असतो. ती दात घासण्याला बांधा: गोळ्यांची पट्टी ब्रशशेजारी, ओल लागणार नाही अशा डबीत.

आणि एकदा सवय पक्की झाली की नवाच प्रश्न उभा राहतो: ‘आज घेतली की नाही?’ रोज त्याच जागी, तीच हालचाल केल्यामुळे आजची आणि कालची आठवण एकमेकींत मिसळते. इथे डोक्याला ताण देऊन काही मिळत नाही, कारण वेगळी अशी आठवण तयारच झालेली नसते. उत्तर बाहेर ठेवावं लागतं. सात कप्प्यांची औषधाची डबी सगळ्यात भरवशाची, कप्पा रिकामा म्हणजे घेतली. ती नसेल तर पट्टीच्या मागे प्रत्येक गोळीवर पेनने वार लिहा. ॲपमधलं ‘घेतली’ हे बटण गोळी गिळल्यानंतरच दाबायचं. आधी दाबलं आणि तेवढ्यात दाराची बेल वाजली, तर फोन खोटं बोलायला लागतो. शंका आलीच तर अंदाजाने दुसरी गोळी घेऊ नका, डॉक्टरांना विचारा.

झेरॉक्सच्या झाकणाखाली

एक चूक इतकी ठरलेली आहे की तिच्यासाठी संशोधकांनी वेगळं नाव ठेवलंय. जमिनीचा एक-चौदाचा उतारा आपण झेरॉक्स करायला नेतो, प्रती मोजून घेतो, पैसे देतो, निघतो. मूळ कागद यंत्राच्या काचेवर. कारण तुमचं काम ‘प्रत मिळवणं’ हे होतं, ते पूर्ण झालं की डोकं त्या कामाचं सगळं सामान खाली ठेवतं, आणि मूळ उचलणं ही पायरी त्यानंतर येते. पैसे आधी आणि कार्ड नंतर देणाऱ्या एटीएममध्ये कार्ड राहतं तेही असंच. सावध राहण्याचा निश्चय इथे टिकत नाही. क्रम बदलावा लागतो: प्रती हातात घेण्याआधी मूळ मागून घ्यायचं, पैसे त्यानंतर. पेन ड्राइव्हवरून प्रिंट काढताना पेन ड्राइव्हला स्कूटरची चावी अडकवून ठेवा.

लिहिलेलं सापडायला हवं

नोट्स मराठीत लिहिणाऱ्यांनी एक गोष्ट जरूर तपासावी. तुम्ही ‘वीज’ लिहिलं आणि सहा महिन्यांनी ‘विज’ शोधलं तर बहुतेक ॲप्सना ते सापडत नाही. ‘5’ आणि ‘५’ हे पुष्कळ ॲप्सच्या लेखी वेगळे अंक. आणखी कठीण प्रकार डोळ्यांना दिसतच नाही. ‘ॲप’मधलं पहिलं अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे फोन-कॉम्प्युटर अक्षरं साठवतात त्या पद्धतीत, दोन तऱ्हांनी लिहिता येतं. 2008 पासून त्याला स्वतंत्र जागा आहे, पण कितीतरी कीबोर्ड अजून ‘अ’ला वर चंद्र जोडून ते तयार करतात. दिसायला दोन्ही सारखेच, शोधायला वेगळे. ‘दुसऱ्या’मधल्या अर्ध्या र-चंही तेच. फोनवर लिहिलेलं कॉम्प्युटरवर शोधताना सापडत नाही त्याचं एक कारण हे असतं.

उपाय सोपा आहे. प्रत्येक महत्त्वाच्या नोटेच्या शेवटी एक ओळ फक्त शोधण्यासाठी लिहा: ‘वीज विज लाइट लायट बिल’. जे शब्द घरात बोलता तेच. आणि नोट लिहिल्याबरोबर ती एकदा शोधून बघा, मिळाली तर सोडा. नोट्स कोणत्या ॲपमध्ये ठेवाव्या, यात माझी पसंती साध्या मजकुराच्या फाइल्सना आहे, नावाच्या सुरुवातीला वर्ष-महिना-दिवस या क्रमाने तारीख: 2026-05-02. नावाप्रमाणे लावल्या तरी त्या आपोआप तारखेप्रमाणे लागतात, आणि कोणत्याही फोनवर, कोणत्याही काळात उघडतात.

भिंतीवरचं कॅलेंडर

प्रयोगशाळेत पुढच्या आठवणीची परीक्षा घेतली की तरुण पुढे असतात. घरी, रोजच्या आयुष्यात तीच कामं दिली की वयस्कर माणसं तरुणांच्या बरोबरीने, बऱ्याचदा त्यांच्याही पुढे जातात. हे अनेक अभ्यासांत दिसलेलं आहे. त्याचं एक कारण म्हणजे त्यांचे दिवस बांधलेले असतात आणि ती डोक्यावर विसंबून न राहता लिहून ठेवतात. आजीच्या स्वयंपाकघरातलं कॅलेंडर कमी दर्जाचं साधन नाही. फोनचा रिमाइंडर एकट्याला दिसतो, कॅलेंडर घरातल्या पाचही जणांना दिसतं, आणि ते कधी झोपत नाही.

ते देवखोलीत नको, गॅसजवळच्या भिंतीवर हवं, जिथे चहा उकळेपर्यंत माणूस उभं राहतं. जुलैच्या दमट हवेत जेलपेनची शाई कागदावर पसरते, म्हणून बॉलपेन किंवा पेन्सिल दोरीला बांधून तिथेच लटकवा. पेन शोधायला जावं लागलं की नोंद राहिली. नवा सिलिंडर लावला की त्या दिवसाच्या चौकटीत लगेच खूण करा. अशा तीन-चार खुणा झाल्या की तुमच्या घरी 14.2 किलोचा सिलिंडर किती दिवस पुरतो ते कळतं. 40 दिवस येत असतील तर पुढच्या खेपेला सिलिंडर लावताना 33व्या दिवसाच्या चौकटीत तेव्हाच ‘सिलिंडर बुक’ लिहून टाका.